उशिराची छडी

आमच्या गोदामाच्या माळ्यावर भिंतीला एक काळा फळा आहे. त्याच्यावर खडूनं लिहिलेली एक ओळ आहे, अर्धी सरळ, अर्धी वाकडीतिकडी, डाव्या हातानं लिहिल्यासारखी. परवा नव्या हळदीची पोती वर चढवायची म्हणून हमालांनी तो फळा उतरवायला घेतला, तर मी जिन्याखालूनच ओरडलो, की त्याला हात लावाल तर याद राखा. सगळे चमकून बघायला लागले. आमच्या घराण्यात ओरडायची पद्धत नाही. आम्ही सांगलीचे जैन. दिवस मावळायच्या आत जेवतो, पाणी गाळून पितो, पोत्याखाली मुंग्यांची रांग दिसली तर पोतंच दुसरीकडं ठेवतो. आणि त्याच गोदामाच्या माळ्यावर दीड वर्ष माणसं छड्या खात होती. जागा मी दिलेली, आणि खाणाऱ्यांत मीही होतो.

मारणारा माणूस म्हणजे निकम सुभेदार.

मूळचे मेढ्याच्या वरच्या डोंगरातले. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून आलेले. उंची बेताचीच, पण मान अशी ताठ की वाटावं पाठीत कुणी पहार घातलीय. एका सकाळी गोदामात आले, माळ्याकडं बोट केलं आणि म्हणाले, वर क्लास काढायचाय, स्पॅनिश भाषेचा. मला हसू आलं. म्हटलं, सुभेदार, सांगलीत कानडी शिकवा, चार माणसं तरी येतील. माझ्या टेबलावर स्पेनच्या एका व्यापाऱ्याचं पत्र पडलं होतं, ते त्यांनी उचललं आणि बातम्या वाचाव्यात तसं धडाधड वाचून त्याचा अर्थ सांगितला. आठ दिवस मी त्या पत्राशी मोबाईल घेऊन झटत होतो. त्याच दिवशी मी माळा झाडून दिला आणि पहिलं नाव माझं घातलं. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हे.

भाषा ते शिकले होते लेबनानमध्ये. शांतिसेनेची निळी टोपी घालून त्यांची पलटण तिथं होती आणि शेजारच्या चौकीत स्पेनचे जवान. एकदा गोळाबारी सुरू झाली तेव्हा तीन दिवस दोन्हीकडचे लोक एकाच खंदकात अडकले. पाको नावाचा एक हवालदार सुभेदारांच्या शेजारी. वर तोफगोळे पडतायत, कानात माती जातेय, आणि पाको भीतीनं एकसारखं काहीतरी पुटपुटतोय. सुभेदारांनी इंग्रजीत विचारलं, काय म्हणतोस? तो म्हणाला, मी म्हणतोय, गोळा इथं न पडो. त्या 'न पडो'पासून सुभेदारांचं स्पॅनिश सुरू झालं. बाकीची माणसं 'मी, तू, तो' पासून सुरू करतात. यांनी भाषेचा सगळ्यात अवघड भाग आधी गिळला आणि सोपा मागाहून. पुढं चिकाटीनं परीक्षाही दिल्या.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर हा माणूस नुसता राक्षस वाटेल.

सुभेदारांना एकच मुलगा, विक्रम. लेबनानहून ते सुट्टीवर आले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा आणि सैन्यभरतीच्या तयारीत. धावण्यात पास, दंडबैठकांत पास, मेडिकल दहा दिवसांवर. बापाला चैन पडेना. पहाटे डोंगरात पळायला नेलं. पोरगं नेहमीपेक्षा थोडं मागं पडलं, आणि सुभेदारांनी वळून त्याच्या डाव्या कानशिलात एक ठेवून दिली. दहा दिवसांनी फौजेच्या डॉक्टरनं कानात उजेड टाकून बघितलं आणि लिहिलं, पडदा फाटलाय. अनफिट. उपचार करून पुन्हा दाखवायला मुदत मिळत होती, पण विक्रम परत गेलाच नाही. भरतीच्या मैदानावरून तो थेट शिरवळला गेला, तिथल्या एका कारखान्यात लागला, आणि त्या दिवसापासून बापाशी एक अक्षर बोलला नाही. आईही काही दिवसांनी त्याच्याकडंच राहायला गेली. गावात तोंड दाखवायला नको म्हणून सुभेदार सांगलीत आले. अकरा वर्षं झाली होती. विक्रमनं एकदा त्यांच्या दारात यावं, एवढंच त्या माणसाला पाहिजे होतं.

हे सगळं त्यांनी मला पुढं दवाखान्यात सांगितलं, ते कसं ते येईलच.

वर्ग शनिवार-रविवार सकाळी सातला. दहा-बारा जण असायचे. परदेशी जाऊ बघणाऱ्या नर्सबाई, पुण्याच्या कंपनीत चिकटायला धडपडणारे इंजिनिअर, तासगावकडचा अमोल नावाचा एक वेल्डर, आणि मी. हळदीच्या पोत्यांवर बसायचं. उठताना सगळ्यांची पाठ पिवळी.

सुभेदारांकडं फौजेतली एक आखूड छडी होती, पितळी टोकाची, तिला ते 'केन' म्हणत. नियम एकच, पण कडक. सातनंतर जो येईल त्यानं उंबऱ्यावर थांबायचं, उजवा तळहात पुढं करायचा, एक केन घ्यायची आणि गप आत येऊन बसायचं. का उशीर झाला हे ते कधी विचारत नसत. म्हणायचे, "कारण समद्यांकडं आस्तंय. उशीर ज्याचा, हात त्याचा."

दुसऱ्याच रविवारी मी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला थांबलो आणि सात मिनिटं उशिरा आलो. वय एकेचाळीस, गोदाम माझं, उंबरा माझा. म्हटलं, माझ्या बाबतीत काहीतरी डोळेझाक होईल. कुठलं काय. तळहातावर असा चटका बसला की डोळ्यांत पाणी आलं. माझं नाव बाहुबली आहे हे त्या दिवशी वर्गात कुणी काढलं नाही, हे त्यांचे उपकार.

शिकवायची पद्धतही कवायतीची. जे व्हावं असं वाटतं, पण होईल की नाही ठाऊक नाही, त्याला स्पॅनिशमध्ये क्रियापदाची वेगळीच चाल आहे. आपण 'शोधतो' आणि 'शोधावं' म्हणतो ना, तसं. 'बुस्कार' म्हणजे शोधणं. 'शोधावं' म्हणायचं झालं की 'बुस्के'. बोलायला काहीच नाही, क तो क. पण त्यांच्या लिपीत तोच आवाज टिकवायचा तर सी काढून तिथं क्यू-यू घालावं लागतं. 'येगार' म्हणजे पोचणं, त्याचं 'येगे' करताना जीच्या पुढं यू. आम्ही हमखास विसरायचो आणि पोटरीवर केन बसायची. मग त्यांनीच एक युक्ती काढली. आधी आपल्या बाळबोध अक्षरांत लिहा, बोला, कानात बसवा; मग त्यांची अक्षरं घाला.

"आवाज सोडायचा न्हाई," ते सांगायचे, "कापडं बदला. फौजेत काय करतो आमी? बर्फात पांढरं घालतो, रानात हिरवं. आतला गडी त्योच."

ही युक्ती चांगली होती. वर्षात आमच्यातल्या पाच जणांनी परीक्षा काढली. म्हणूनच कुणी तक्रार करत नव्हतं. अमोलचे वडील तर माझ्यासमोर सुभेदारांना सांगून गेले की हाणा, मोडा, पण पोरगं लायनीला लावा. आपल्याकडं हे फार जुनं आहे. शिकवणाऱ्यानं मारलं की आईबापाला वाटतं, चला, लक्ष देतोय. आणि मी? मधेच गिऱ्हाईक आलं की मी खाली येऊन हिशेब जुळवायचो आणि वरून छडीचा आवाज आला की मान खाली घालायचो. पोत्याखालची मुंगी वाचवणारा माणूस मी. मला लाज वाटायची, आणि तरी मी बोललो नाही, हे खरं ते सांगतो.

एक गोष्ट मात्र पहिल्यापासून सगळ्यांच्या ध्यानात आली होती. हा माणूस तळहातावर मारी, पोटरीवर मारी, पाठीत गुद्दा घाली. पण मानेच्या वर कधी हात गेला नाही. कधी कधी राग इतका अनावर व्हायचा की उजवा हात थपडीसाठी वर उठायचा, आणि तिथंच अडकायचा. मग तो हात खिशात जायचा आणि तासभर बाहेर यायचा नाही. त्या दिवशी डाव्या हातानं लिहायचे. लिहिलेलं कुणाला लागायचं नाही, पण विचारायची हिंमतही कुणाला नव्हती.

अमोलच्या हाताला एकदा केनचं पितळी टोक लागलं आणि बोट सुजलं. बाप खुश होता, पण मोठा भाऊ पैलवान. तो पुढच्या रविवारी आणखी तिघांना घेऊन आला, हातात हॉकीच्या काठ्या. मी तेव्हा गिऱ्हाइकासाठी खाली होतो, गल्ल्यावरून उठलो, हात जोडले, बाबांनो बसून बोलूया म्हटलं, तर एकानं मला छातीवर हात ठेवून असं ढकललं की मी तराजूवर जाऊन आदळलो. ते जिन्यानं वर गेले. आमचा जिना अरुंद, एका वेळी एकच माणूस जातो. सुभेदार वरच्या पायरीवर उभे राहिले. त्यांनी केन बाजूला ठेवली होती, हे मी पाहिलं. पुढं असलेल्या पैलवानाची काठी त्यांच्या भुवईवर बसली, भुवई फाटून रक्त डोळ्यात उतरलं. दुसरी तोंडावर. दोन दात गेले. मग त्यांनी पैलवानाचा हात धरून पिरगाळला, आणि ते हाड मोडलेलं मी खाली उभा राहून ऐकलं. तो मागच्यांच्या अंगावर पडला, आणि चौघं एकमेकांवर कोसळत माझ्या पायाशी आले. पैलवानाच्या खांद्याचं हाड गेलं होतं. तो पोरासारखा रडत होता.

सुभेदार खाली आले. मुठीनं हळद घेतली, भुवईच्या जखमेत दाबली. नंतर पैलवानाला स्वतः उचलून माझ्या गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथं बाकड्यावर बसल्या बसल्या, तोंडात कापसाचा बोळा, त्यांनी मला विक्रमची हकीकत सांगितली. मी काही विचारलं नव्हतं. म्हणाले, "आण्णा, ह्यो भावासाठी आला वं. काठी घिऊन का हुईना, आला. माझ्याकडं कोण येतंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फळ्यावरची त्यांची उदाहरणं नेहमी एकाच घरची असायची. त्यानं शोधत यावं. त्यानं पोचावं. त्याला कुणी हात लावू नये. आणि दर वर्गाच्या शेवटी सगळ्यांनी उभं राहून एका सुरात म्हणायचं वाक्य, 'ओहाला येगे ओय'. देव करो आणि तो आज पोचो. आम्ही ते वर्षभर घोकलं होतं, राष्ट्रगीतासारखं सावधानमध्ये उभं राहून, आणि कोण पोचायचा आहे हे आम्हाला माहीत नव्हतं.

मग पर्युषण आलं. ते संपलं की आमच्यात क्षमावणीचा दिवस असतो. लहानथोर, नोकरचाकर, सगळ्यांपुढं जाऊन हात जोडायचे आणि कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा मागायची. माझी आई पंच्याहत्तरची. गुडघे दुखतात, तरी भिंतीला धरून जिना चढली, एकेका पोरापुढं हात जोडले आणि शेवटी सुभेदारांपुढं. ते सावधानमध्ये उभे राहिले. तोंड कसनुसं झालं.

"आई, तुमी माझं काय वंगाळ केलंय?"

"आठवून मागायची नसते रे बाबा," आई म्हणाली. "सगळ्यांची मागायची. त्यात ज्याची राहिली असेल त्याची होऊन जाते."

ती उतरून गेली तरी सुभेदार फळ्याकडं तोंड करून उभेच. वर्ग लवकर सोडला. मला खाली येऊन विचारलं, हे जैन नसलेल्या माणसानं केलं तर चालतं का? मी म्हटलं, चालतं की, फक्त समोर जाऊन करायचं असतं, फोनवर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून दारात हजर. म्हणाले, गाडी काढा, शिरवळला जायचंय.

खंबाटकीचा घाट लागल्यावर त्यांचे ओठ हलायला लागले. काय म्हणायचं त्याची घोकणी चालली होती. मराठीत दोनदा, हिंदीत एकदा, मग स्पॅनिशमध्ये. लढाई बघितलेला माणूस, आणि हातातला रुमाल पिळून पिळून ओला केला होता.

तीनला पाळी सुटली. गेटातून माणसं बाहेर पडली आणि त्यांनी विक्रमला ओळखलं. तिशीचा, बापासारखीच ताठ मान. त्यानं बापाला बघितलं आणि न थांबता चालायला लागला. सुभेदार झपाझप पुढं होऊन त्याच्या डाव्या बाजूला आले, पावलाला पाऊल मिळवलं आणि चालता चालता बोलले. मी मागं होतो, मला सगळं ऐकू आलं.

"इकी, पोरा, माझ्या हातनं तुजं वाटुळं झालं. माझं चुकलं. मला क्षमा कर."

विक्रम तसाच चालत राहिला. सुभेदार थांबले. मला राहवलं नाही, मी ओरडलो, की अरे, वडील एवढं काय म्हणतायत, माणूस आहेस का कोण! तो वळला. शांतपणे मला म्हणाला, "काय म्हणले? त्या बाजूनं मला ऐकू येत न्हाई. त्यास्नी म्हाईत हाय की."

अकरा वर्षं जमवलेलं ते वाक्य त्या माणसानं स्वतः फोडलेल्या कानात सांगितलं होतं. मग सुभेदारांचा तो उजवा हात वर उठला, वर्षभर आमच्यासमोर हवेत अडकणारा, आणि या वेळी अडकला नाही. स्वतःच्या डाव्या कानावर त्यांनी फाडकन मारली. पुन्हा मारली. पुन्हा. हातचं राखून नाही, सगळी ताकद लावून. चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. मी हात धरायला गेलो तर कोपरानं मला उडवलं. कानातून रक्त येऊन पांढऱ्या कॉलरवर उतरलं तरी हात थांबेना. शेवटी विक्रमनं येऊन मनगट पकडलं. बापलेकांची ताकद सारखी. तो हात दोघांच्या मध्ये अडून राहिला.

"पुरं," विक्रम म्हणाला. मनगट सोडलं आणि कंपनीच्या बसमध्ये चढून निघून गेला.

सांगलीच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पडदा गेलाय, त्या कानाचं फारसं काही व्हायचं नाही. मी शिरवळला फोन केला. डॉक्टरांचं आणि आमच्या माळ्यावरच्या वर्गाचं सांगितलं ते सगळं विक्रमनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "डावा का?" मी म्हटलं, डावाच. "बरं," म्हणाला आणि ठेवून दिला. मी त्या पोराला मनात नाही नाही ते बोललो. क्षमावणी होऊन आठ दिवसही झाले नव्हते.

त्यानंतर वर्गात पोटरीवर केन कुणी खाल्ली नाही. फक्त उशिराची तेवढी राहिली. काही विचारलं की सुभेदार उजवा कान पुढं करायचे. वर्गाच्या शेवटी आम्ही 'ओहाला येगे ओय' म्हणायचो, पण आता माहीत झालं होतं, तर नर्सबाईंचा आवाज चिरकायचा.

माघातला रविवार. सात वाजून वीस मिनिटं झाली होती. सुभेदार फळ्याकडं तोंड करून लिहीत होते, डावा कान दाराकडं. जिन्यावर पावलं वाजली. आम्ही सगळ्यांनी ऐकली, त्यांनी नाही. मी वळून बघितलं तर उंबऱ्यावर विक्रम. आम्ही त्याच्याकडं बघतोय हे फळ्याकडं तोंड असलेल्या सुभेदारांना कळायचं काही कारण नव्हतं, पण वर्ग एकदम गार पडलेला मास्तराला पाठीनंही कळतो. ते वळले.

विक्रमला आमच्या वर्गाचा नियम कुणी सांगितला नव्हता. पण त्याच माणसाच्या घरात वाढलेला. उशिरा आल्यावर काय करायचं हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. त्यानं चपला काढल्या, उंबऱ्याबाहेर सावधान उभा राहिला आणि उजवा तळहात पुढं केला. डोळे बापाच्या डोळ्यात.

सुभेदारांनी टेबलावरची केन उचलली आणि दारापर्यंत चालत गेले. माझ्या शेजारच्या नर्सबाईंनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. ते विक्रमच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले, ऐकू येणाऱ्या. केन त्याच्या उघड्या तळहातावर आडवी ठेवली, त्याची बोटं मिटवली, आणि स्वतःचा उजवा हात त्याच्यापुढं पसरला.

"उशीर माझा हाय," ते म्हणाले.

विक्रमनं मारली. मला वाटलं होतं केन टाकून देईल, पाया पडेल, गळ्यात पडेल. नाही. त्यानं अकरा वर्षांची ताकद लावून एकच मारली, अशी की हात सुजून वर आला. सुभेदारांचा हात तसूभर खाली गेला नाही. विक्रमनं केन कोपऱ्यात उभी केली, आत आला आणि शेवटच्या पोत्यावर, अमोलच्या शेजारी जाऊन बसला.

त्याच दुपारी बापलेक गेले. सुभेदार आता मेढ्याला असतात, म्हणे. मी त्यांना पुन्हा बघितलेलं नाही. मला दिसतात ते त्या सकाळचे, विक्रम बसल्यानंतरचे. ते फळ्याकडं वळले, खडू उचलायला गेले, तर उजवी मूठ मिटेना. मग खडू डाव्या हातात घेतला आणि 'ओहाला येगे ओय' ही अर्धी राहिलेली ओळ सावकाश, वाकड्या अक्षरांत पुरी केली. आम्ही वह्या उघडल्या आणि उतरवून घेतली.